रोग्याचे इंग्रजी आणि डॉक्टरांची परीक्षा



आपल्या मंडळाची सभासद-यादी कोणीही उघडावी; दर चार-पाच नावांत एखाद्या नावाआधी 'डॉ.' लागलेले सापडेलच. गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींत हृदय, हाडे, भूल, मनोविकार, वृद्धांचे आजार असे सगळे विभाग भरलेले असतात. कोणाला चक्कर आली तर नाडी बघायला सहा हात पुढे येतात, एवढी आपली श्रीमंती! यांतल्या बऱ्याच जणांनी या देशात आल्यावर एक परीक्षा दिली; आणि जे तिच्याआधी आले त्यांनी सुटलो म्हणून देवाला हात जोडले. त्या परीक्षेचे नाव आधी 'ट्रॅब', मग 'प्लॅब'.

इथे वाढलेली मुले त्याबद्दल एक सरळ प्रश्न विचारतात. "तुमचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं होतं ना? मग इंग्रजीची परीक्षा कशाला?" घरोघरी याची दोन उत्तरे ऐकायला मिळतात. एक, "दुजाभाव, दुसरं काय!" आणि दुसरे, "नियम होता, दिली, पास झालो, विषय संपला." दोन्ही उत्तरांत थोडे खरे आहे, पण पुरते खरे एकातही नाही. म्हणून या परीक्षेची हकिगत जरा मागे जाऊन सांगावी, असे आम्ही ठरवले.

पुस्तक इंग्रजी, रोगी मराठी

आपल्याकडे पाश्चात्त्य वैद्यक पहिल्यापासून इंग्रजीतच शिकवले गेले, असा समज आहे. तो बरोबर नाही. मुंबईत १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एक वैद्यकशाळा निघाली होती आणि तिथे शिकवणे देशी भाषांतून चाले. ती १८३२ साली बंद पडली. पुढे १८३५ मध्ये कलकत्त्यात बेंटिंक साहेबांनी जुनी देशी वैद्यकशाळा मोडून इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज काढले आणि वारे फिरले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले ते इंग्रजीतूनच. १८५१ साली तिथून पहिली आठ मंडळी बाहेर पडली, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. याच कॉलेजात १८६१ साली मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग काढले गेले, पण त्यांचा दर्जा खालचा मानला गेला. खरी पदवी इंग्रजीची, हे तेव्हाच ठरून गेले.

यातून एक गोष्ट घडली, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. कॉलेजातली व्याख्याने इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पण वॉर्डातला रोगी मराठीत, गुजरातीत, उर्दूत बोलणारा. विद्यार्थी दुखणे ऐके मराठीत आणि कागदावर लिही इंग्रजीत. 'छातीत कळ येते' हे ऐकायचे आणि 'रेट्रोस्टर्नल पेन' असे लिहायचे. पिढ्यान्पिढ्या आपल्या डॉक्टरांचे इंग्रजी असे घडले. ते वाचण्याचे, लिहिण्याचे आणि सरांपुढे केस मांडण्याचे इंग्रजी होते. ते चांगलेच होते. मात्र त्या इंग्रजीत कोणी आजारी पडत नव्हते, कोणी कण्हत नव्हते आणि कोणी लाजत नव्हते. पुढची सगळी हकिगत या एका गोष्टीभोवती फिरते.

परीक्षेविना गेलेली नव्वद वर्षे

ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणारी जनरल मेडिकल कौन्सिल १८५८ च्या कायद्याने स्थापन झाली. १८८६ च्या कायद्याने साम्राज्यातल्या आणि परदेशांतल्या पदव्यांना परस्पर तत्त्वावर मान्यता देण्याची वाट काढली. तुम्ही आमची पदवी माना, आम्ही तुमची मानतो, असा हा व्यवहार. भारतीय विद्यापीठांच्या पदव्या त्यात बसल्या. भाषेची वेगळी परीक्षा कोणी घेत नव्हते, कारण पदवी इंग्रजीतली म्हणजे डॉक्टरला इंग्रजी येतेच, असे गृहीत होते. त्याच १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. दोघींच्या इंग्रजीची परीक्षा झाली ती वैद्यकाच्या परीक्षेतूनच.

मान्यतेवरून भांडणे मात्र तेव्हाही झाली. १९२० च्या दशकात कौन्सिलने भारतातल्या कॉलेजांची तपासणी मागितली. विद्यार्थ्यांना बाळंतपणाचा अनुभव पुरेसा मिळत नाही, हा मुख्य आक्षेप होता. १९३० साली कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यावर भारतात मोठा गदारोळ झाला आणि १९३३ च्या कायद्याने आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली. मान्यता काही वर्षांनी परत मिळाली. लक्षात घ्या, त्या भांडणात भाषेचा मुद्दा कुठेही नव्हता.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि इस्पितळांना डॉक्टर कमी पडू लागले. इथले डॉक्टर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका गाठू लागले होते. त्यातच १९५७ साली विलिंक समितीने सांगितले की देशात डॉक्टर जास्त होतील, तेव्हा कॉलेजांतल्या जागा कमी करा. हा अंदाज साफ चुकला. खड्डा भरायला आले ते आपल्या उपखंडातले तरुण. १९६१ साली लॉर्ड कोहेन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उघड सांगितले की भारत-पाकिस्तानातून आलेले ज्युनियर डॉक्टर नसते तर आरोग्य सेवा कोलमडली असती. १९६० ते १९६३ या काळात आरोग्यमंत्री होते इनॉक पॉवेल! त्यांच्याच कारकिर्दीत आपले डॉक्टर मोठ्या संख्येने इथल्या वॉर्डांत उभे राहिले आणि त्याच पॉवेल साहेबांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅमला परदेशी लोकांविरुद्धचे ते कुप्रसिद्ध भाषण केले.

त्या काळी येणारा डॉक्टर बोटीतून किंवा विमानातून उतरला की नोंदणी करून थेट कामावर जाई. मान्य कॉलेजाची पदवी असली की पूर्ण नोंदणी, नसली तर इस्पितळापुरती तात्पुरती नोंदणी. भाषा येते की नाही, हे पहिल्या रात्रपाळीत कळे. डॉक्टरलाही आणि रोग्यालाही. यावर उपाय म्हणून १९६६ साली नव्या परदेशी डॉक्टरांना काही आठवडे एखाद्या इस्पितळात जोडून देऊन त्यांचे काम आणि भाषा बघण्याची योजना निघाली. कल्पना चांगली होती. पण ज्या इस्पितळाला माणसांची निकड, तेच मत देणार. मग कोण कोणाला नापास करतो?

मेरिसन समिती आणि १९७५ साल

आता गंमत बघा. ज्या समितीमुळे परीक्षा आली, ती परदेशी डॉक्टरांसाठी नेमलेलीच नव्हती. कौन्सिलने १९७० च्या सुमारास प्रत्येक डॉक्टरवर वार्षिक वर्गणी बसवली. आधी एकदाच पैसे भरले की जन्माची नोंदणी मिळे. ब्रिटिश डॉक्टर चिडले. वर्गणी मागता, मग कौन्सिलवर आमचे प्रतिनिधी किती, असा सवाल त्यांनी केला. हजारोंनी पैसे भरायला नकार दिला. शेवटी सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष झाले ब्रिस्टल विद्यापीठाचे कुलगुरू, पदार्थविज्ञानाचे अभ्यासक ॲलेक मेरिसन. दोन पौंडांच्या वर्गणीवरून सुरू झालेले हे भांडण असे आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचले.

समितीचा अहवाल १९७५ च्या वसंतात आला. त्यात परदेशी डॉक्टरांवर एक प्रकरण होते आणि त्याचा सूर कडक होता. बऱ्याच परदेशी डॉक्टरांचे कौशल्य इथे सर्वसाधारणपणे अपेक्षित असलेल्या पातळीच्या खाली आहे, काहींची नोंदणी व्हायलाच नको होती अशी शक्यता आहे, असे समितीने म्हटले. मात्र समितीने कौन्सिललाही सोडले नाही. इस्पितळांना माणसे हवीत म्हणून दर्जाकडे काणाडोळा झाला, असा ठपका तिने ठेवला.

वर्तमानपत्रांनी पहिला भाग मोठ्या अक्षरांत छापला. दुसरा फारसा कोणाला दिसला नाही. वीस-वीस वर्षे इथे राबलेल्या, मध्यरात्री उठून घरभेटी करणाऱ्या डॉक्टरांना एका रात्रीत संशयाच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटले. त्याच वर्षी ओव्हरसीज डॉक्टर्स असोसिएशन ही संघटना उभी राहिली. त्याच वर्षी भारतीय पदव्यांची परस्पर मान्यताही संपली. आणि त्याच उन्हाळ्यात पहिली 'ट्रॅब' परीक्षा झाली. तीन गोष्टी एकदम झाल्याने लोकांच्या मनात त्यांची गाठ बसली आणि ती अजून सुटलेली नाही.

१९७८ च्या मेडिकल ॲक्टने तात्पुरती नोंदणी रद्द करून 'मर्यादित नोंदणी' आणली. परीक्षेचे नाव झाले 'प्लॅब', म्हणजे व्यवसायाचे आणि भाषेचे मूल्यमापन करणारे मंडळ. नाव बदलले, धाकधूक तीच राहिली.

परीक्षेत काय असे

काळाप्रमाणे भाग बदलत गेले, पण साचा साधारण असा होता. वैद्यकाचा एक पेपर बहुपर्यायी प्रश्नांचा. पडद्यावर छायाचित्रे किंवा एक्स-रे दाखवून विचारलेले प्रश्न. रोग्याची हकिगत देऊन 'आता तुम्ही काय कराल' असा पेपर. परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. आणि भाषेसाठी दोन गोष्टी: इंग्रजी लेखन आणि टेपवरचे बोलणे ऐकून उत्तरे देणे. वैद्यक आणि भाषा या दोन्ही बाजूंत उत्तीर्ण व्हावे लागे. एका बाजूचे जादा गुण दुसरीकडे उपयोगी पडत नसत.

सुरुवातीच्या वर्षांत निम्म्याहून अधिक उमेदवार नापास होत. नापास होणे म्हणजे नुसती नामुष्की नव्हे. नोंदणी नाही म्हणजे नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणजे पगार नाही. मायदेशातून परकीय चलन आणण्यावर तेव्हा कडक मर्यादा होती. कर्ज काढून आलेला मुलगा एखाद्या इस्पितळात बिनपगारी निरीक्षक म्हणून उभा राहायचा, ओळखीच्यांकडे जमिनीवर पथारी टाकायचा आणि पुढच्या तारखेची वाट पाहायचा. घरी पत्र जायचे, "सर्व ठीक आहे." त्या पत्रांत किती गोष्टी लिहिल्या जात नसत, हे आपल्यातले कितीतरी जण जाणतात.

टेपचा धसका मोठा होता. मोठमोठे ग्रंथ पाठ असलेली माणसे त्या दहा-पंधरा मिनिटांनी घायाळ होत. याचे कारण आम्ही वर सांगितलेच आहे.

'माझे पाण्याचे नळ बिघडलेत'

इंग्रज रोगी आपल्या शरीराबद्दल कसे बोलतो, हे आपल्या कुठल्याच पुस्तकात नव्हते. म्हातारा म्हणतो, 'वॉटरवर्क्स'चा त्रास आहे. नवा डॉक्टर घाबरून विचारात पडतो, की घरातला नळ फुटला की काय! म्हाताऱ्याला सांगायचे असते लघवीचे. 'स्पेंड अ पेनी' म्हणजे लघवीला जाणे. एके काळी सार्वजनिक संडासाच्या दारात एक पेनी टाकावी लागे, त्यावरून आलेला शब्द. 'बॅक पॅसेज' म्हणजे घराची मागची बोळ नव्हे, गुदद्वार. 'फनी टर्न' आली यात हसण्यासारखे काही नाही, माणूस भोवळ येऊन पडलेला असू शकतो. 'द चेंज' म्हणजे बाईची पाळी जाण्याचा काळ. उत्तरेकडे 'पूअरली' म्हणजे गरीब नव्हे, आजारी. आणि इस्पितळात कोणी रोग्याला 'व्हेरी पूअरली' म्हटले, तर नातेवाइकांना बोलावून घ्यायची वेळ आली असे समजायचे.

यावर ग्लासगो, लिव्हरपूल, न्यूकॅसल, वेल्सच्या खाणी, अशा प्रत्येक ठिकाणच्या उच्चारांची फोडणी. परदेशी डॉक्टरांसाठी असले शब्द गोळा करून जॉय पार्किन्सन बाईंनी एक इंग्रजीचे पुस्तक केले. आपल्यातल्या जुन्या मंडळींच्या कपाटात त्याची प्रत अजून सापडेल.

आता जरा उलटे करून पाहू. लंडनचा एखादा निष्णात डॉक्टर साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात बसवा. समोरची बाई म्हणते, "अंगात कसकस आहे, अंग मोडून आलंय, कंबर धरलीय, जीव घाबराघुबरा होतो." मग आवाज खाली आणून म्हणते, "बाहेरची आहे." साहेब खिडकीतून बाहेर बघेल! 'परसाकडे पातळ होतंय' यातला पातळ पदार्थ त्याला कोण समजावणार? शिकला-सवरलेला पुणेकर डॉक्टरसुद्धा कोकणात किंवा खानदेशात पहिली नोकरी करताना सहा महिने कंपाउंडरच्या तोंडाकडे बघत असतो. म्हणजे रोग्याची भाषा ही पदवीच्या भाषेहून निराळी असते. ती प्रत्येक गावी नव्याने शिकावी लागते. भीती, लाज आणि वेदना माणूस आईच्या भाषेतच बोलतो.

हे ध्यानात घेतले की मुलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. आपल्या डॉक्टरांना इंग्रजी येत होते, हे खरे. त्यांना इथल्या रोग्याचे इंग्रजी येत नव्हते, हेही खरे. त्यात कोणाचा कमीपणा नाही. आणि पांघरुणाखाली कण्हणाऱ्या म्हातारीला आपले बोलणे डॉक्टरला कळावे असे वाटणे, हा तिचा हक्कच आहे. आपली आई मुंबईच्या इस्पितळात असती तर आपणही हेच मागितले असते.

नियम एक, मापे दोन

उरलेल्या अर्ध्या उत्तरात मात्र दुखरी जागा आहे. रोग्याच्या भल्यासाठीच परीक्षा असेल, तर ती सगळ्यांना हवी होती. तसे झाले नाही. भारतीय पदव्या परीक्षेत ढकलल्या गेल्या, पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा काही देशांच्या पदव्यांना परीक्षेविना नोंदणी पुढेही कित्येक वर्षे मिळत राहिली. ती सवलत २००३ च्या अखेरीस संपली. ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात शिरल्यावर तिथल्या डॉक्टरांना तर कायद्यानेच मोकळे दार मिळाले. ज्याने कधी इंग्रजीत एक धडा वाचला नसेल अशा युरोपीय डॉक्टरची नोंदणी करताना कौन्सिल भाषेची परीक्षा घेऊ शकत नव्हती. आणि ज्याने साडेचार वर्षे इंग्रजीत वैद्यक शिकले, त्याला टेप ऐकायला बसवत होती!

या दोन मापांचा परिणाम २००८ साली दिसला. जर्मनीहून सुटीच्या दिवसांचे काम करायला आलेल्या एका डॉक्टरने केंब्रिजशायरमध्ये आपल्या पहिल्याच पाळीत एका रोग्याला डायमॉर्फिनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले. ठरलेल्या कमाल मात्रेच्या दहापट. रोगी गेला. चौकशीत निघाले की या डॉक्टरला इंग्रजी कच्चे म्हणून एका भागाने काम नाकारले होते. दुसऱ्या भागाने यादीत घेतले. या मृत्यूला भाषाच कारण झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते औषध त्याच्या सवयीचे नव्हते, तो थकलेला होता, आणि कोणी त्याला नीट माहितीही दिली नव्हती. पण हा मृत्यू दोन मापांवर बोट ठेवून गेला. मृताच्या मुलांनी चिकाटीने पाठपुरावा केला. शेवटी २०१४ साली कायदा बदलून युरोपीय डॉक्टरांचेही इंग्रजी तपासण्याचा अधिकार कौन्सिलला मिळाला. आपले लोक १९७५ पासून जे म्हणत होते, ते पटायला एकोणचाळीस वर्षे लागली.

त्याच २०१४ च्या एप्रिलात आणखी एक निकाल लागला. जनरल प्रॅक्टिसच्या अंतिम परीक्षेत नटांना रोगी बनवून घेतल्या जाणाऱ्या भागात परदेशी पदवीधर, आणि इथेच शिकलेले वेगळ्या वंशाचे डॉक्टरही, गोऱ्या डॉक्टरांच्या मानाने फार जास्त नापास होत. १९९६ साली स्थापन झालेल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या 'बापिओ' या संघटनेने हे प्रकरण हायकोर्टात नेले. न्यायमूर्ती मिटिंग यांनी दावा फेटाळला, पण या फरकावर आता काही करण्याची वेळ आली आहे असे बजावले आणि संघटनेला नैतिक यश मिळाले असेही म्हटले. कारण मुद्दा खरा होता. इथे जन्मलेल्या, इथल्याच शाळेत शिकलेल्या मुलीच्या इंग्रजीत काय कमी असणार? तेव्हा परीक्षा नक्की भाषेची असते की भाषेआडून आणखी कशाची, हा प्रश्न पुढच्या पिढीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

परीक्षा पास होऊनही दार बंद होऊ शकते, हे २००६ साली दिसले. त्या मार्चमध्ये सरकारने परदेशी डॉक्टरांची वर्क परमिटविना प्रशिक्षणाची सोय अचानक काढली. प्लॅब पास झालेले कितीतरी तरुण पूर्व लंडनच्या ईस्ट हॅम भागात एकेका खोलीत चौघे-पाचजण राहून कामाची वाट पाहत होते, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. बापिओने ते भांडण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेले आणि २००८ मध्ये सरकारच्या इस्पितळांना दिलेल्या सूचनेविरुद्ध निकाल मिळवला. ज्यांची वर्षे वाया गेली, त्यांना ती परत मिळाली नाहीत.

वाचनालयाचे इंग्रजी, वॉर्डातले इंग्रजी

इथे संशोधनासाठी येणाऱ्या मंडळींचा वेगळा उल्लेख करायला हवा. एम.डी. किंवा पीएच.डी. करायला येणारा डॉक्टर रोग्याला हात लावणार नसेल तर त्याला नोंदणी लागत नाही, पण विद्यापीठाला त्याच्या इंग्रजीचा पुरावा लागतो. ब्रिटिश कौन्सिलने १९६५ पासून ॲलन डेव्हिस यांनी तयार केलेली परीक्षा वापरली. १९८० मध्ये 'एल्ट्स' आली. तिची मोठी खूबी अशी की तिच्यात विषयवार भाग होते आणि त्यांत वैद्यकाचा एक स्वतंत्र भाग होता. डॉक्टरला डॉक्टरी मजकूरच वाचायला मिळे. १९८९ मध्ये तिच्या जागी ऑस्ट्रेलियाच्या भागीदारीत 'आयेल्ट्स' आली. १९९५ मध्ये विषयवार भाग काढून टाकले आणि सगळ्यांना एकच सर्वसाधारण परीक्षा उरली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कौन्सिलने आपला भाषेचा पेपर आणि टेप बंद करून तीच आयेल्ट्स डॉक्टरांना लावली. म्हणजे वाचनालयात बसणाऱ्याचे आणि वॉर्डात धावणाऱ्याचे इंग्रजी एकाच तराजूत आले. संशोधकाला ते ठीक होते. त्याला निबंध लिहायचाच असतो. पण रात्री दोन वाजता छाती धरून बसलेल्या माणसाचे बोलणे कळते की नाही, हे शहरातल्या रहदारीवर निबंध लिहून कसे कळणार? २०१४ साली कौन्सिलने आयेल्ट्सची एकूण पातळी ७ वरून ७.५ केली. तक्रारी वाढल्या, काही चांगले डॉक्टर लेखनात अर्ध्या गुणाने अडकू लागले.

इकडे ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकातच मेलबर्नचे टिम मॅक्नमारा आणि सहकारी वेगळा विचार करत होते. डॉक्टर, परिचारिका यांची भाषा त्यांच्या कामातूनच तपासावी, म्हणून त्यांनी 'ओईटी' ही परीक्षा घडवली. तिच्यात रोग्याशी संवाद करून दाखवायचा, सल्लापत्र लिहायचे, तपासणीतले बोलणे ऐकून टिपणे काढायची. कौन्सिलने ती २०१८ पासून मान्य केली. प्लॅबच्या दुसऱ्या भागातही २००० सालापासून नट रोगी बनून समोर बसतात आणि उमेदवाराला त्यांच्याशी बोलावे लागते. २०२४ पासून हीच परीक्षा इथल्या विद्यार्थ्यांच्या नव्या सामायिक परीक्षेच्या आराखड्याशी जोडली गेली आहे. पहिला भाग आता भारतातही देता येतो, दुसऱ्यासाठी मँचेस्टर गाठावे लागते.

अमेरिकेतल्या आपल्या नातलगांचीही वाट अशीच वळणांची. तिथे परदेशी पदवीधरांसाठी १९५६ मध्ये मंडळ स्थापन झाले आणि १९५८ मध्ये पहिली परीक्षा झाली. तिच्यात इंग्रजीचाही भाग होता. १९९८ पासून नट-रोग्यांची परीक्षा आली, २००४ पासून ती अमेरिकन विद्यार्थ्यांनाही लागू झाली, २०२० च्या साथीत थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी परदेशी पदवीधरांना आता ओईटी द्यावी लागते. दोन्ही देश फिरून फिरून एकाच ठिकाणी आले: डॉक्टरला रोग्याशी बोलता येते का, ते बघा.

मुलांना काय सांगावे

कौन्सिलच्या सध्याच्या नियमांत एक बारीक कलम आहे. पदवी इंग्रजीतून शिकलात एवढ्याने भाषेच्या परीक्षेतून सूट मिळत नाही. शिक्षणातले रोग्यांशी, नातेवाइकांशी झालेले बोलणेही किमान ७५ टक्के इंग्रजीत झालेले असावे लागते. आपल्या जे.जे., के.ई.एम., ससून या इस्पितळांतून शिकलेल्या कोणाला हे कसे जमणार? ते तर रोग्याशी मराठी, हिंदी बोलूनच डॉक्टर झाले. १८४५ सालापासून चालत आलेली गोष्ट अखेर नियमाच्या भाषेत लिहिली गेली, एवढेच.

आणि हे कलम आम्हाला अपमानाचे वाटत नाही. आपले डॉक्टर गरिबातल्या गरीब रोग्याशी त्याच्या भाषेत बोलून शिकले, याची ती एक पावतीच आहे. एका भाषेतले दुखणे दुसऱ्या भाषेत नेण्याची कला त्यांना पहिल्या दिवसापासून येत होती. इथे आल्यावर त्यांनी तीच कला उलट्या दिशेने वापरली. वेल्सच्या खाणकामगारांत, लँकेशायरच्या गिरणी-वस्तीत, जिथे इथले डॉक्टर जायला तयार नव्हते अशा गल्ल्यांत आणि वृद्धांच्या वॉर्डांत ते वीस-तीस वर्षे टिकले, ते टेपच्या पेपरात मिळालेल्या गुणांवर नव्हे.

तेव्हा मुलांनी विचारले तर दोन्ही बाजू सांगाव्यात. रोग्याला समजून घेणारा डॉक्टर मिळावा म्हणून भाषा तपासणे योग्यच होते. ती काहींचीच तपासणे योग्य नव्हते. वैद्यकाबरोबर स्वाभिमानही तपासला जातोय असे वाटायला लावणे तर मुळीच योग्य नव्हते. हे तिन्ही एकाच वेळी खरे आहे आणि यांतले एक सांगून दोन गाळू नयेत.

आपल्यातली १९६० आणि १९७० च्या दशकांत आलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. पुष्कळजण स्वतःच इस्पितळात रोगी म्हणून जातात आणि समोर केरळचा, लागोसचा किंवा कैरोचा तरुण डॉक्टर उभा असतो. आजारपणात त्यांची मराठी परत येते, असे त्यांच्या घरचे सांगतात. साठ वर्षे इंग्रजीत गेलेला माणूस 'पाणी' म्हणतो, 'आई गं' म्हणतो. त्या वेळी शेजारी बसून 'ही वॉन्ट्स वॉटर' असे सांगणारी आपली मुले आता दुभाषी झाली आहेत.

ज्यांच्याकडे ट्रॅब किंवा प्लॅबच्या आठवणी, प्रवेशपत्रे, घरी पाठवलेली पत्रे असतील त्यांनी ती मंडळाकडे नकलेसाठी जरूर आणून द्यावीत. मूळ प्रत लगेच परत मिळेल. पत्रे मराठीतली असतील तर उत्तमच. मुलांना वाचून दाखवायचे काम आम्ही करू.